फुटलेल्या अल्बममधलं जुनं लँडस्केप ड्रॉइंग कोणाचं, हे कसं शोधायचं

समजा तुमच्यासमोर एक जुनं युरोपियन लँडस्केप ड्रॉइंग आहे. तपकिरी शाई, दोन झाडं, मागे टेकडी, टेकडीवर एखादं घर, सही नाही, आणि देणारा सांगतोय की हे एका जुन्या अल्बममधलं पान आहे, अल्बम कधीच सुटा झाला आणि पानं जगभर पांगली. अशा वेळी सगळ्यांची उडी थेट नावावर जाते. माझं म्हणणं, नाव जरा मागे ठेवा. अल्बममधून आलेल्या कागदाला दोन प्रश्न विचारायचे असतात, हा कुठल्या अल्बममधला, आणि हा कोणाच्या हातचा. दोन्हींचा पुरावा वेगळा असतो. अल्बम कोणी जमवला हे कळलं म्हणजे ड्रॉइंग कोणी काढलं हे कळलं असं होत नाही, आणि या विषयातल्या मोठमोठ्या चुका नेमक्या इथेच झाल्यात.

फ्रा बार्तोलोमेओचं प्रकरण बघा. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातला हा साधू-चित्रकार १५१७ मध्ये गेला. त्याची ड्रॉइंग्ज शिष्याकडे, म्हणजे फ्रा पाओलिनोकडे गेली, मग प्लाउतिल्ला नेल्ली नावाच्या चित्रकार साध्वीकडे, आणि तिच्या मठातून अठराव्या शतकात गाब्बुर्री नावाच्या फ्लॉरेन्सच्याच संग्राहकाकडे आली. गाब्बुर्रीने माणसांच्या ड्रॉइंग्जचे दोन अल्बम बांधून घेतले, साधारण ५०० कागद, ते आज रॉटरडॅमच्या बोइमान्स म्युझियममध्ये आहेत. लँडस्केप्स त्याने वेगळी काढली, ४१ पानांचा अल्बम केला, आणि त्यावर नाव घातलं त्याच काळातल्या फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या चित्रकाराचं, आंद्रेआ देल सार्तोचं! म्हणजे बघा, मूळ साठा एकाच माणसाचा, जपून आणलेला, मठातून मठात, आणि तरी शेवटच्या टप्प्यावर नाव चुकलं आणि ते चुकीचं नाव एकदम ४१ पानांना लागलं. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला सदबीज या लिलावघरात हा अल्बम विकायला आला तेव्हा पानं फ्रा बार्तोलोमेओची म्हणून सुटी सुटी विकली गेली. हात त्याच्या बाकीच्या ड्रॉइंग्जशी जुळत होता, आणि काही घरं नि टेकड्या त्याच्या चित्रांच्या पार्श्वभूमीत जशाच्या तशा सापडतात. आज ती पानं अमेरिका-युरोपातल्या कितीतरी म्युझियममध्ये वाटली गेली आहेत, क्लीव्हलंडमध्येसुद्धा एक छान पान आहे.

यातून कामाची गोष्ट अशी की अल्बम तुम्हाला भावंडं मिळवून देतो, आणि भावंडं मिळणं हे फार मोठं बळ आहे, कारण एकट्या पानावर जे सिद्ध होत नाही ते पंधरा पानांवर होतं. पण अल्बमवरचं नाव हे फक्त त्या संग्राहकाचं मत असतं.

आधी कागद उलटा करा

चित्राची बाजू बघायचा मोह आवरा आणि मागची बाजू बघा. अर्थात कागद माउंटवर, म्हणजे मागच्या आधाराच्या जाड कागदावर किंवा पुठ्ठ्यावर, पूर्ण चिकटवलेला असेल तर सोडवायला जाऊ नका, ते काम कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाचंच, आणि माउंट हाही पुरावाच आहे हे लक्षात ठेवा, कितीतरी जुनी माउंटं 'घाण दिसतात' म्हणून फेकून दिली गेली आणि त्यांच्याबरोबर ड्रॉइंगचा अर्धा इतिहास गेला, मला याचं खरंच वाईट वाटतं.

पहिलं ठरवायचं ते हे की पान स्केचबुकातलं आहे की अल्बममधलं. दोन्हीला लोक सरसकट अल्बम म्हणतात पण फरक खूप मोठा आहे. स्केचबुक चित्रकाराचं स्वतःचं असतं, कागद आधी शिवलेला आणि चित्र नंतर, त्यामुळे सगळी पानं एकाच मापाची, एका कडेला शिवणीची भोकं, दोन्ही बाजूंना काढलेलं, कधी चित्र शेजारच्या पानावर वाहत गेलेलं. एका पानाचा हात ठरला की बाकीच्या पानांना पुष्कळ आधार मिळतो. अल्बम मात्र नंतर कोणीतरी जमवून चिकटवलेला असतो, त्यात दहा वेगवेगळ्या हातांची कामं शेजारी शेजारी असू शकतात, मापं वेगवेगळी, कडा कापलेल्या, मागे कोपऱ्यांत डिंकाचे किंवा खळीचे डाग.

डच लँडस्केप चित्रकार यान फान गोयेनचं १६५०-५१ चं स्केचबुक हे पहिल्या प्रकारचं चांगलं उदाहरण. काळा खडू आणि वर करडा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात, पानं छोटी, जेमतेम १० सेंटीमीटर उंच आणि साडेपंधरा रुंद, आणि पानांवर आकडे. हे स्केचबुक अख्खं असताना १९१८ मध्येच त्यावर लिहून छापून आलं होतं, फुटलं नंतर. म्हणून आज कोणी 'हे फान गोयेनच्या त्या स्केचबुकातलं' म्हणून पान दाखवलं तर माप, आकडा आणि जुनं वर्णन तिन्ही जुळवून बघता येतं. सतराव्या शतकातला फ्रेंच लँडस्केप चित्रकार क्लोद लोरँ याच्या ६० ड्रॉइंग्जच्या अल्बमचंही तसंच, तो १९६० च्या दशकात अख्खा छापून आला, १९७० मध्ये अमेरिकेतला संग्राहक नॉर्टन सायमन याने घेतला आणि पुढे त्याची पानं सुटी झाली. त्यामुळे कुठल्याही पांगलेल्या अल्बमबद्दल पहिला प्रश्न हा की फुटायच्या आधी त्याची यादी किंवा फोटो कोणी केले होते का, केले असतील तर तुमचं पान त्या यादीत असलंच पाहिजे, नसेल तर अल्बमची गोष्ट तिथेच संपली. ड्रॉइंग चांगलं असू शकतं, फक्त ती गोष्ट त्याची नाही.

आता कागदावरच्या बारीक खुणा. यात मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे कसरीची भोकं. कसर पुस्तकाला लागते तेव्हा ती एक पान खाऊन थांबत नाही, आरपार जाते, म्हणजे एकावर एक असलेल्या पानांत जवळजवळ त्याच जागी भोक पडतं, आणि पुढे पुढे जाताना ते थोडं सरकतं किंवा लहान होत जातं. तुमच्या पानाला उजवीकडे खाली, कडेपासून १२ मिलिमीटरवर एक लांबट भोक आहे, आणि म्युझियमच्या वेबसाइटवर त्याच मापाच्या दुसऱ्या पानाला त्याच जागी तसंच, जरा बारीक भोक आहे, तर ही दोन पानं एकेकाळी जवळजवळ होती असं म्हणायला जागा आहे. कोणाचं कोणाच्या आधी हेसुद्धा कधीकधी लागतं. पाण्याच्या डागाचंही तसंच, ओलाव्याची तपकिरी कड एका पानावर जिथे संपते तिथून पुढच्या पानावर तीच कड थोडी आत. पण हे जुळवताना दोन्ही फोटो एकाच प्रमाणात आणा, अंदाजाने नको. आणि भोक कागदाच्या कडेपासून मोजताना कड मूळची आहे की नंतर कापलेली ते आधी बघा, कारण कापलेल्या कडेवरून मोजलं तर सगळंच सरकतं.

समोरच्या पानाची छाप हीपण बघण्यासारखी गोष्ट. जुनी लोहशाई, म्हणजे मायफळ आणि लोहाच्या क्षारांपासून केलेली, आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षं दाबून राहिली की समोरच्या कागदावर तिची फिकट उलटी सावली उमटते. खडूचीही भुकटी उतरते. तुमच्या पानावर तुमच्या चित्राशी संबंध नसलेल्या पुसट उलट्या रेघा दिसल्या तर त्यांचा फोटो काढून आरशासारखा उलटवा, मग तो आकार घेऊन इतर पानं शोधा. असं शेजारचं पान सापडणं म्हणजे लॉटरीच, आणि ते कुठल्याही शैलीच्या वादापेक्षा भक्कम असतं.

आकडे, शिक्के, माउंट

संग्राहकांच्या खुणांसाठी एकच मुख्य दार आहे, फ्रिट्स लुग्टचा खुणांचा कोश, पहिला भाग १९२१ चा, पुरवणी १९५६ ची, आणि आता पॅरिसच्या फोंदासियों कुस्तोदिया या संस्थेने सगळं ऑनलाइन फुकट ठेवलंय. प्रत्येक खुणेला नंबर असतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये काम करणारा चित्रकार पीटर लेली याचं 'पीएल' म्हणजे लुग्ट २०९२, अठराव्या शतकातला पॅरिसचा संग्राहक मारिएत याचा 'एम' म्हणजे लुग्ट १८५२, इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सचा शिक्का लुग्ट २३६४. शिक्क्याचा आकार, शाईचा रंग, कुठल्या कोपऱ्यात मारलाय हे सगळं कोशातल्या वर्णनाशी ताडून बघा, कारण शिक्केसुद्धा खोटे मारले गेलेत. आणि शिक्का खरा असला तरी त्याचा अर्थ काय हे समजून घ्या, लेलीचा शिक्का त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६८० नंतर, संग्रह विकायचा म्हणून त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघणाऱ्या रॉजर नॉर्थने मारला. त्यावरून ड्रॉइंग १६८० च्या आधीचं एवढं कळतं, लेलीने ते कोणाचं मानलं होतं हे कळत नाही.

नुसते आकडेही बोलतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात पेनने लिहिलेला आकडा असेल तर पॅरिसच्या क्रोझाच्या संग्रहाचा विचार करायचा, त्याची विक्री १७४१ मध्ये झाली. एक छोटं अक्षर आणि मागे आकडा, 'के ३८' अशा धर्तीचं, दिसलं तर पाद्रे रेस्ताकडे वळायचं. हा सेबास्तियानो रेस्ता मूळचा मिलानचा पाद्री, जन्म १६३५, मृत्यू १७१४, त्याने ड्रॉइंग्जचे जाडजूड अल्बम केले, त्यातले बरेच इंग्लंडला लॉर्ड सॉमर्सकडे गेले आणि तिथे सुटे झाले, अक्षर म्हणजे कुठला अल्बम आणि आकडा म्हणजे त्यातलं कितवं ड्रॉइंग. रेस्ताचं ज्ञान दांडगं होतं पण नावं देताना हात फार सैल, मोठं नाव द्यायची त्याला हौस होती. म्हणून रेस्ताची खूण सापडली तर मालकीच्या इतिहासासाठी ते सोनं आहे, त्याने सांगितलेलं नाव मात्र तपासल्याशिवाय पुढे नेऊ नका.

माउंटही बघा. मारिएतची निळी माउंटं प्रसिद्ध आहेत, खाली नावाची चौकट, आणि त्याची एक सवय लक्षात ठेवा, दोन्ही बाजूंना काम असलेला कागद तो मधून सोलून दोन पातळ कागद करायचा, म्हणून कागद अस्वाभाविक पातळ वाटला तर दुसरी बाजू वेगळं ड्रॉइंग बनून कुठेतरी फिरत असू शकते. पेनने काढलेली वास्तुशिल्पासारखी चौकट असलेली माउंटं दिसली की लोक लगेच 'वासारीचा अल्बम' म्हणतात. सोळाव्या शतकातला चित्रकार आणि चित्रकारांचा चरित्रकार वासारी, त्याचा ड्रॉइंग्जचा संग्रह खरंच होता आणि खरंच पांगला, पण अशा बऱ्याच चौकटी प्रत्यक्षात निकोलो गाद्दी नावाच्या दुसऱ्या फ्लॉरेन्सच्या संग्राहकाच्या आहेत असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. दोनच नावं, पण किमतीत आणि इतिहासात प्रचंड फरक.

जुन्या हस्ताक्षरातलं नाव कागदावर खाली असतं, 'तित्सियानो' (म्हणजे टिशियन), 'करात्ची' वगैरे. ती सही नाही. जवळजवळ कधीच नसते. ते अक्षर कोणाचं हे शोधायचं, कारण तेच अक्षर दुसऱ्या ड्रॉइंग्जवर असतं आणि त्यावरून त्या माणसाचा भरवसा किती हे कळतं. व्हेनिसमधल्या एका जुन्या अनामिक अक्षराला तर अभ्यासक 'भरवशाचा व्हेनेशियन हात' म्हणूनच ओळखतात, इतकी त्याने लिहिलेली नावं बरोबर निघतात. तुमच्या पानावर ते अक्षर असेल तर नावाला वजन द्या.

कागद काय सांगतो

कागद उजेडावर धरून बघायचा, खिडकीवर चिकटवून नाही, पातळ एलईडी शीट खाली ठेवून, आणि थोडाच वेळ. जुन्या हाती बनवलेल्या कागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात, बारीक जवळजवळच्या आणि त्यांना आडव्या, दोन-तीन सेंटीमीटरवर जाड. या जाड रेषांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा, प्रत्येक साच्याची अंतरं थोडी वेगळी असतात आणि भावंड पानांत तोच क्रम सापडला तर एकाच साच्यातले कागद आहेत असं म्हणता येतं. अशा रेषा अजिबात नसतील, कागद एकसारखा गुळगुळीत असेल, तर तो विणलेल्या जाळीच्या साच्यातला कागद, युरोपात १७५० च्या दशकानंतरचा, मग सतराव्या शतकाचं नाव विसरायचं.

वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच साच्यातून उमटलेली आणि उजेडावर दिसणारी खूण, सापडला तर ब्रिकेचा १९०७ चा चार खंडांचा कोश, त्यात १६ हजारांवर वॉटरमार्क आहेत, सतराव्या-अठराव्या शतकासाठी हीवुडचा कोश, आणि आता ऑनलाइन डेटाबेसही आहेत. पण 'बैलाचं डोकं आहे' एवढं पुरत नाही, बैलाच्या डोक्याचे शेकडो प्रकार आहेत, माप आणि रेषांच्या संदर्भात त्याची जागा जुळली पाहिजे.

वॉटरमार्कची ताकद बघायची तर सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेल याचं प्रकरण बघा. आल्प्ससारख्या डोंगरांची काही सुंदर ड्रॉइंग्ज अनेक दशकं ब्रुगेलची मानली जात होती. ब्रुगेल १५६९ मध्ये गेला. हान्स मीलके या बर्लिनच्या अभ्यासकाने त्यातल्या कागदाचा वॉटरमार्क तपासला आणि कागदच ब्रुगेलच्या मृत्यूनंतरचा निघाला, मग तो गट ब्रुगेलच्या यादीतून बाहेर काढून 'डोंगरी लँडस्केप्सचा मास्टर' अशा कामचलाऊ नावाखाली ठेवला गेला. छोट्या लँडस्केप्सचा आणखी एक गट, त्यावर ब्रुगेलची सही आणि १५५९ ते १५६२ च्या तारखाही होत्या, तो याकोब साव्हेरी या दुसऱ्या चित्रकाराच्या नावावर गेला. म्हणजे सही आहे, तारीख आहे, शैली जुळते, सगळ्यांना पटलंय, आणि तरी नाही. हे वाचल्यापासून मी सही असलेल्या ड्रॉइंगकडे जास्तच बारकाईने बघतो.

उलट मात्र चालत नाही हे ध्यानात ठेवा. कागद १६३० चा निघाला म्हणून ड्रॉइंग १६३० चं ठरत नाही, जुने कोरे कागद लोकांनी जपून ठेवलेले असतात आणि बनावट काम करणाऱ्यांना तेच हवे असतात. कागद फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतो.

शाईबद्दल थोडक्यात. लोहशाई काढताना काळसर असते आणि नंतर तपकिरी होते, जिथे जाड पडली तिथे कागद खाते. काजळीच्या तपकिरी रंगाचा वॉश वेगळा, आणि कटलफिशपासूनचा खरा सेपिया अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी प्रचारात आला, म्हणून 'सतराव्या शतकातलं सेपिया ड्रॉइंग' असं कोणी लिहिलं असेल तर ते बहुधा निष्काळजी वर्णन असतं किंवा तारीख चुकलेली असते. इन्फ्रारेडमध्ये लोहशाई फिकट होत नाहीशी होते आणि कार्बनची काळी तशीच राहते, याचा उपयोग असा की शाईखाली आधी काढलेली काळ्या खडूची रेघ दिसू शकते. खाली शिसपेन्सिलीची बारीक, न अडखळणारी रेघ दिसली आणि वर तपकिरी शाईने ती नीट गिरवलेली असली तर कॉपी किंवा बनावट असल्याचा संशय घ्यायलाच हवा.

आता हात

एवढं झाल्यावर चित्राकडे. लँडस्केपमध्ये कान, बोटं, नखं नसतात, एकोणिसाव्या शतकात जोवान्नी मोरेल्लीने ज्या बारीक सवयींवरून चित्रकार ओळखायची पद्धत रूढ केली त्या इथे पानांत आणि गवतात शोधायच्या. मी झाडापासून सुरुवात करतो. पानांचा झुबका काढताना पेन कुठून सुरू होतं, वळसा कुठल्या बाजूला जातो, एका झटक्यात किती वळसे घेतो आणि मग पेन उचलतो, सावलीच्या बाजूला वळसे दाट होतात की त्यावर वेगळ्या तिरप्या रेघा येतात. एखादा चित्रकार तीनचा आकडा आडवा केल्यासारखे वळसे ओळीने टाकतो, दुसरा उघडे अर्धवर्तुळ टाकून मध्ये जागा सोडतो. झाड जमिनीला मिळतं ती जागा तर फारच बोलकी, तिथे चित्रकाराचं लक्ष नसतं, हात सवयीने चालतो. खोडाच्या पायथ्याशी चार आडव्या रेघा आणि एक उलटा हूक, असं काहीतरी दिसेल, तेच त्याच्या खात्रीच्या ड्रॉइंग्जमध्ये शोधा. दूरची टेकडीही बघा, एका अखंड रेघेत आहे की तुटक, रेघ लांबवर गेल्यावर हलकी होते की तेवढीच जाड राहते.

तिरप्या रेघांची दिशा बघा. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा साधारण वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात, डावखुऱ्याच्या उलट्या, लिओनार्दोच्या ड्रॉइंग्ज ओळखायला हे कायम वापरतात. पण सगळ्याच रेघा डावखुऱ्या असतील आणि रेघ जरा मऊ, पुसट असेल, तर आधी छाप काढलेली प्रत आहे का बघा, म्हणजे ओल्या कागदाने खडूच्या ड्रॉइंगवरून उलटी प्रत उचललेली. सतराव्या-अठराव्या शतकात लाल खडूच्या कामाच्या अशा प्रती भरपूर निघायच्या.

मूळ की कॉपी हे ओळखायला वेग बघा. मूळ काढणारा शोधत असतो, रेघ कुठे बदलते, घराचं छप्पर आधी वेगळ्या उतारावर होतं आणि मग सुधारलं, फांदी आधी हलकी टाकली आणि नंतर ठाम केली. कॉपी करणाऱ्याला उत्तर माहीत असतं, म्हणून त्याच्या रेघा सगळीकडे एकाच दाबाच्या, आणि अवघड जागी पेन थांबल्याचे छोटे शाईचे ठिपके. कॉपीत आणखी एक होतं, मूळात दूरच्या एखाद्या घराची खिडकी किंवा पूल तीन फटकाऱ्यांत सांगितलेला असतो, कॉपी करणाऱ्याला तो काय आहे तेच कळलेलं नसतं आणि तो तिथे निरर्थक गोळा काढतो. तो गोळा शोधा.

इटालियन चित्रकार गुएर्चिनोच्या लँडस्केप्ससाठी हे विशेष लागतं. गुएर्चिनो १६६६ मध्ये गेला, त्याची ड्रॉइंग्ज त्याच्या भाच्यांच्या, जेन्नारींच्या घरी राहिली, आणि पुढे एका बनावट काम करणाऱ्याने त्याच्या लँडस्केप्सची इतकी नक्कल केली की आज त्या अनामिक माणसाला 'गुएर्चिनोचा फाल्सारियो', म्हणजे बनावटकार, असं स्वतंत्र नावच आहे. त्याच्या कामात पानांचे वळसे यंत्रासारखे सारखे येतात आणि उजेड नेमका कुठून येतोय ते कळत नाही. गुएर्चिनोचं खरं लँडस्केप बघितलं की लगेच फरक जाणवतो, त्यात पांढरा सोडलेला कागदच ऊन असतो.

आणि तुलना फक्त मोठ्या नावाशी करू नका, ही सगळ्यात मोठी चूक. तुलना शिष्यांशी, नातलगांशी, अनुकरण करणाऱ्यांशी करा. कित्येक 'करात्ची' लँडस्केप्स जोवान्नी फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीची निघाली, 'टिशियन' म्हणून चालणारी दोमेनिको काम्पान्योलाची निघाली. रेम्ब्रांच्या लँडस्केप्समधली काही आता पीटर द वितची मानतात, काही इतर शिष्यांची. लाम्बर्ट डोमरचा विचार तर करायलाच हवा, रेम्ब्रांच्या १६५८ च्या विक्रीत त्याने रेम्ब्रांच्या लँडस्केप ड्रॉइंग्जचा अल्बम घेतला असं मानलं जातं, आणि त्याने त्यांवरून कॉपीही केल्या, त्याच्या काही ड्रॉइंग्जचा कागद तर हिशोबाच्या वहीचा आहे. म्हणजे अल्बम रेम्ब्रांचा, पण पान डोमरचं, हे अगदी शक्य. उलट चांगली साखळी बघायची असेल तर चॅट्सवर्थची, म्हणजे इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या ड्यूकच्या वाड्यातली, रेम्ब्रां लँडस्केप्स बघा, ती रेम्ब्रांचाच शिष्य होव्हर्ट फ्लिंक याच्या मुलाकडून, निकोलास फ्लिंककडून, १७२३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूककडे गेली, मधे फारसे हातच नाहीत.

तुलनेसाठी घरबसल्या पुष्कळ मिळतं. हेगच्या आरकेडी या कला-इतिहासाच्या संस्थेचा फोटोंचा डेटाबेस डच-फ्लेमिश कामासाठी पहिला, ब्रिटिश म्युझियम, लूव्र, रेक्सम्युझियम, अल्बर्टिना यांच्या वेबसाइट्स, आणि जुन्या विक्रींच्या नोंदींसाठी गेटीचा प्रोव्हेनन्स इंडेक्स, म्हणजे मालकीच्या इतिहासाची सूची. पण तुलनेसाठी धरलेलं ड्रॉइंग स्वतः खात्रीचं आहे का हे बघा, म्हणजे सही भरवशाची, किंवा एखाद्या ज्ञात चित्राची तयारी, किंवा चित्रकाराकडूनच थेट आलेलं. क्लोदच्या बाबतीत यासाठी भक्कम आधार आहे, त्याने आपल्या चित्रांची नोंद म्हणून केलेलं ड्रॉइंग्जचं पुस्तक, लिबेर व्हेरितातिस, चार पांढरे चार निळे कागद अशा क्रमाने बांधलेलं, ते १९५७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 'मानलेल्या' ड्रॉइंगवरून दुसरं 'मानलेलं' ठरवत गेलात तर सगळी साखळी हवेत.

नाव कितपत ठाम लिहायचं

कॅटलॉगची भाषा पायऱ्यांची असते आणि ती काटेकोर वापरा. नुसतं चित्रकाराचं नाव म्हणजे पूर्ण खात्री. 'याचं मानलेलं' म्हणजे बहुधा याचंच पण शंका आहे. मग त्याच्या वर्कशॉपमधलं, त्याच्या वर्तुळातलं, म्हणजे त्याच्या काळातलं आणि त्याच्या प्रभावाखालचं, मग अनुयायाचं, मग नुसतं त्याच्या शैलीतलं, ते नंतरच्या काळातलंही असू शकतं, आणि 'यावरून' म्हणजे सरळ कॉपी. माझ्या मते 'बोलोन्या, साधारण १६४०, ग्रिमाल्दीच्या जवळचा हात' एवढं प्रामाणिकपणे लिहिलेलं हे अर्धवट पुराव्यावर लिहिलेल्या मोठ्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी असतं, कारण पुढचा माणूस तिथून काम सुरू करू शकतो.

मालकीचा इतिहास लिहिताना १९३३ ते १९४५ ही वर्षं रिकामी असतील तर तिथे थांबा आणि लुटलेल्या कलावस्तूंच्या डेटाबेसमध्ये शोधा. हे फक्त कायद्यासाठी नाही. बोइमान्सचे गाब्बुर्री अल्बम ज्या फ्रान्झ केनिग्झच्या संग्रहातून आले त्याच संग्रहातली पुष्कळ ड्रॉइंग्ज युद्धात हिटलरच्या म्युझियमसाठी घेतली गेली आणि मग सोव्हिएत युनियनमध्ये गेली, काही परत आली, काही नाही. अशी पानं अजूनही बाहेर येऊ शकतात.

तज्ज्ञाला लिहायचं असेल तर आधी सगळं एका फाइलमध्ये जमवा. पुढची आणि मागची बाजू पूर्ण, शेजारी पट्टी आणि रंगपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात एक, खालून उजेड देऊन वॉटरमार्कचा एक, प्रत्येक शिक्का-आकडा-अक्षर जवळून, माप मिलिमीटरमध्ये आधी उंची मग रुंदी, झाडाच्या पायथ्याचा आणि दूरच्या टेकडीचा क्लोज-अप, आणि तुम्ही जुळवलेली भावंड पानं त्यांच्या म्युझियम नंबरसकट. म्युझियमचे क्युरेटर किंमत सांगत नाहीत, ते त्यांना विचारूच नका, पण 'तुमच्याकडच्या या पानाच्या मागे असाच आकडा आहे का, आणि याच जागी कसरीचं भोक आहे का' असं नेमकं विचारलं तर बरेचदा कोणीतरी ड्रॉवर उघडून बघतं आणि उत्तर पाठवतं. खालचं जुनं नाव पुसू नका, माउंट काढू नका, कागद धुवायला देऊ नका, निदान हे उत्तर येईपर्यंत तरी.